करवंद-आवळ्यासाठी फोलिन की डीपीपीएच?

रानमेव्याच्या तपासणीत या दोन पद्धती हमखास वापरतात, पण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. फोलिन-सिओकाल्टो पद्धत अर्कातली एकूण फिनॉलिक संयुगे (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट गुणांची रसायनं) मोजते. डीपीपीएच पद्धत तो अर्क मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्स, म्हणजे चटकन अभिक्रिया करणाऱ्या कणांना) किती निष्प्रभ करतो ते दाखवते.

फोलिन स्वस्त आणि सरळ. सोडियम कार्बोनेट घातल्यावर निळा रंग चढतो, ७६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचं वाचन घ्यायचं आणि उत्तर गॅलिक आम्ल या प्रमाण फिनॉलच्या हिशेबात मांडायचं. अडचण अशी की फोलिनचं रसायन फिनॉलपुरतं थांबत नाही. इलेक्ट्रॉन देणारं जे भेटेल त्याच्याशी अभिक्रिया करतं. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर, म्हणून तिथे आकडा फुगतो. ते वेगळं मोजून हिशेबात धरलं नसेल, तर 'आवळ्यात इतके फिनॉल' असं छापणं मला चुकीचंच वाटतं.

डीपीपीएच हे स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक; त्याचं जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंट भेटताच पिवळं पडतं. जांभळ्या रंगातली ही घट ५१७ नॅनोमीटरला मोजतात. करवंद, जांभूळ, कोकम यांची खरी पंचाईत इथेच होते. त्यांतली अँथोसायनिन्स ही लाल-जांभळी रंगद्रव्यं नेमका त्याच पट्ट्यातला प्रकाश शोषतात, त्यामुळे अर्काची ताकद असते त्याहून कमी दिसते. डीपीपीएच न घातलेल्या अर्काचं वाचन घेऊन ते वजा करावंच लागतं.

एकच चाचणी परवडत असेल, तर गडद फळांसाठी मी फोलिन निवडेन आणि आवळ्यासाठी डीपीपीएच. मात्र डीपीपीएचमध्येही 'क' जीवनसत्त्वाचा वाटा असतोच, तो फिनॉलच्या खात्यावर टाकू नये.