प्रदर्शनातल्या रोबोसाठी एचसी-एसआर०४ सेन्सर कसा आहे?

मेकर फेअरमध्ये, म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः बनवलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनात, घरी बनवलेला, अडथळे टाळत चालणारा रोबो मांडायचा असेल, तर एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने अंतर मोजणारा) सेन्सर मी आजही निःसंकोचपणे सुचवेन. मात्र घरातल्या मोकळ्या फरशीवर तो जसा चालतो तसाच गर्दीतही चालेल, असे गृहीत धरू नये. हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. अंतराच्या दर सेंटिमीटरमागे हा जाण्या-येण्याचा वेळ सुमारे ५८ मायक्रोसेकंद भरतो, त्यामुळे स्टॉलवर आलेल्या शाळकरी मुलांना अंतराचे गणित समोरच करून दाखवता येते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

खरी कसोटी गर्दीत लागते. रिंगणाच्या कडेला लोंबणारा पदर किंवा लोकरीचा स्वेटर ध्वनी शोषून घेतो, तिरकी धरलेली वही तो भलतीकडेच परतवते, आणि शेजारच्या रोबोवरही हाच सेन्सर असला, तर त्याचा ध्वनी आपला समजून आपला रोबो मोकळ्या जागेत थबकू शकतो. यासाठी दोन मोजण्यांमध्ये किमान ६० मिलिसेकंद जाऊ द्यावेत, सलग पाच मोजण्या चढत्या क्रमाने लावून त्यांतला मधला आकडा घ्यावा आणि रिंगणाला पुठ्ठ्याचे उभे कठडे लावावेत.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी सेन्सरची इको पिन (प्रतिध्वनीचा संकेत देणारी पिन) त्याला थेट जोडू नये. तिथून ५ व्होल्ट येतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच असतात, म्हणून व्होल्टेज कमी करायला मध्ये दोन रेझिस्टर हवेतच. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा सेन्सर स्वस्तात मिळतो, तेव्हा एक जास्तीचा घेऊन ठेवावा.