ज्वेलरी कोर्सला जाताय? किटमधली 'चांदी' आधी तपासून घ्या

कॉलेजचं नाव टाकत नाही, पण नाशिकमध्ये ज्वेलरी डिझाइनला ॲडमिशन घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मी निफाडकडची, वडील कांदा करतात. पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर आठवडाभरात सांगितलं की मेटलच्या प्रॅक्टिकलसाठी किट कॉलेजकडूनच घ्यायचं, बाहेरचं चालणार नाही. २६ हजार रुपये. त्यात आरी, कानशी, टाकणखार (डाग देताना लावतात तो), छोटी गॅस टॉर्च, आणि ९२५ चांदीचा पत्रा आणि तार. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, हे पहिल्याच लेक्चरला शिकवलेलं, त्यामुळे शंका यायचा प्रश्नच नव्हता. पप्पांनी कांद्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, पैसे दिले.

मग दोन महिने मी रोज फक्त रडायचं बाकी ठेवलं होतं. पत्रा ठोकला की लगेच कडक व्हायचा, तापवून मऊ करून घेतला तरी पुन्हा तेच, कडा चिरायच्या. ऑक्सिडाइज, म्हणजे चांदी मुद्दाम काळी करायच्या दिवशी तर माझ्या अंगठीवर नीट काळा रंगच धरला नाही. सर म्हणायचे, तुझा हात बसलेला नाही, तापमान कळत नाही तुला. मी खरं मानलं. सुट्टीच्या दिवशी पण लॅब उघडून मागायचे आणि ठोकत बसायचे, बोटांना फोड आले.

सराफ बाजारात एका कारागीर काकांकडे तारेचा फासा कसा वळवायचा ते विचारायला गेले होते, पत्र्याचा तुकडा सोबत होता. त्यांनी हातात घेतला, कानशीने एक कोपरा घासला आणि आतला पिवळट रंग बघून माझ्याकडे पाहिलं. मग घासलेल्या जागी नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकला तर हिरवा झाला. म्हणाले, "पोरी, हे जर्मन सिल्वर आहे, वरून नुसता चांदीचा मुलामा." जर्मन सिल्वरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. मग त्यांनी खऱ्या चांदीचा एवढासा तुकडा दिला, ठोक म्हणाले. तो सरळ पसरत गेला, कुठे चीर नाही. मी तिथेच दुकानात रडले, कारण पैशांपेक्षा मला त्या दोन महिन्यांचं जास्त वाईट वाटलं, माझा हात चांगला होता हो.

कॉलेजमध्ये विचारलं तर म्हणे सप्लायरने फसवलं आम्हाला. पावती काढून बघितली तर त्यावर फक्त 'ट्रेनिंग मटेरियल', चांदी हा शब्द नाही, वजन नाही, शुद्धता नाही. ९२५ हे सगळं तोंडीच होतं, इथेच माझी चूक झाली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे, वर्गातल्या अजून सात जणांनी पण टाकली, बघू.

तुम्हाला किट मिळालं तर कापायच्या आधी वजन करा. १० बाय ५ सेंटीमीटर आणि १ मिलिमीटर जाडीचा पत्रा खऱ्या ९२५ चा असेल तर साधारण ५२ ग्रॅम भरतो, जर्मन सिल्वरचा ४३-४४ च्या आसपास. काट्यावर दोन मिनिटांचं काम आहे. ॲसिड घरी करू नका, सराफाकडेच करून घ्या, आणि वरवर नाही, घासून आतल्या धातूवर टाकायला सांगा, नाहीतर मुलामाच चांदी दाखवेल. पावतीवर चांदी, शुद्धता आणि ग्रॅम लिहून दिल्याशिवाय पैसे देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.

काकांकडे आता मी शनिवारी जाते. मागच्या आठवड्यात पहिली अंगठी झाली, खऱ्या चांदीची, आणि ती काळी पण एकसारखी झाली.