बेअर्सचा मॉक ड्राफ्ट: खड्डा बुजवायचा, उत्तम खेळाडू उचलायचा की खाली सरकायचं?

अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला (एनएफएल) संघ शिकागो बेअर्स. त्यांचा मॉक ड्राफ्ट, म्हणजे ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजमधून येणारे कोणते नवे खेळाडू निवडेल याची कागदावरची यादी, आयुष्यात पहिल्यांदा कोणी केला असेल, तर तो कागद बघताक्षणी ओळखू येतो. मागच्या हंगामात ज्या जागेने जीव नकोसा केला, त्या जागेचा खेळाडू पहिल्या फेरीत. त्याच जागेचा दुसरा दुसऱ्या फेरीत. 2025 च्या मार्चमध्ये भाच्याने मला पाठवलेला मॉक असाच होता: सात फेऱ्या आणि त्यात चार लाइनमन, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची भिंत. पोराचा राग चुकीचा नव्हता. बेअर्सचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स 2024 मध्ये पहिल्याच वर्षी 68 वेळा सॅक झाला होता, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडला गेला होता. सतरा सामन्यांचा हिशेब लावा, दर सामन्याला चार वेळा माती. पण राग ही एक गोष्ट आणि मॉक ही दुसरी.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी आधी एवढंच सांगतो की इथे बोली नसते, रांग असते. मागच्या हंगामात ज्याचं सगळ्यात वाटोळं झालं तो पहिला, विजेता 32 वा. नवख्यांचे पगारही 2011 च्या करारापासून जागेप्रमाणे जवळपास ठरलेले असतात. म्हणून खेळाडू केवढ्याला पडला यापेक्षा कितव्या नंबरवर घेतला यावरच सगळी भांडणं होतात.

मॉक करायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तुम्ही जे होईल ते लिहिताय की जे व्हावं ते? चाहत्यांचे निम्मे मॉक इथेच फसतात. पहिल्या नऊ निवडी भाकीत म्हणून लिहायच्या आणि दहावी आली की देव्हाऱ्यातला खेळाडू आपोआप आपल्या पदरात पडतो असं दाखवायचं! दोन्ही प्रकार चालतात, पण एका कागदावर एकच. त्यानंतर पद्धत निवडायची. पद्धती मुळात तीन. तिन्ही मी करून बघितल्यात आणि तिन्हींत तोंडघशी पडलोय.

खड्डा बुजवणं

ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी. संघात कोणती जागा रिकामी आहे ते बघा आणि तिथला सगळ्यात बरा पोरगा घ्या. फायदा असा की भाकीत म्हणून ती बऱ्यापैकी लागू पडते, कारण संघही माणसंच चालवतात आणि त्यांनाही मागचा हंगाम आठवत असतो.

तोटा मी डोळ्यांनी बघितलाय. 2015 चा ड्राफ्ट शिकागोतच होता, तेव्हा मी नोकरीनिमित्त तिथे होतो आणि ग्रँट पार्कच्या गर्दीत उभा होतो. बेअर्सनी मार्चमध्ये ब्रँडन मार्शल जेट्सला देऊन टाकला होता, म्हणजे रिसीव्हरची (पास झेलणाऱ्याची) जागा उघडी. सातव्या नंबरवर केव्हिन व्हाइट आला आणि मी टाळ्या पिटल्या. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) 40 यार्ड 4.35 सेकंदांत पळालेला माणूस, अजून काय हवं! नडगीच्या दुखापतीने त्याचा पहिला हंगाम पूर्ण गेला. बेअर्ससाठी तो एकूण 14 सामने खेळला आणि त्यात 25 झेल घेतले. दुखापत कोणाच्या हातात नसते हे कबूल. पण त्याच फेरीत दहाव्या नंबरवर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) टॉड गर्ली गेला, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण ‘ती जागा आपली भरलेली आहे’.

दुसरा तोटा कॅलेंडरचा. फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंची खरेदी) मार्चमध्ये, ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी. भाच्याने चार लाइनमन लिहिले, तोवर बेअर्सनी चीफ्सकडून जो थूनी आणि रॅम्सकडून जोना जॅक्सन आणला होता आणि सेंटरला ड्र्यू डालमनला करारबद्ध केलं होतं. मधले तिन्ही खांब बदलून झाले होते. राइट टॅकलला (लाइनच्या उजव्या टोकाला) डार्नेल राइट होताच. खरा प्रश्न उरला होता लेफ्ट टॅकलचा, कारण ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा मोडलेला होता. चार खड्ड्यांपैकी तीन पैशाने बुजवलेले, आणि भाचा अजून फावडं घेऊन उभा.

उत्तम खेळाडू उचलणं

बोर्डवर जो सगळ्यात वरचा असेल तो घ्यायचा, जागा बघायची नाही. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं आणि प्रत्येक जनरल मॅनेजर माइकसमोर हेच म्हणतो. अडचण एकच की बोर्ड कोणाचा? माझा आणि तुमचा बोर्ड म्हणजे चार जणांच्या याद्यांची सरासरी.

2025 चा दहावा नंबर या पद्धतीसाठी उत्तम उदाहरण आहे. लोकांच्या मॉकमध्ये बेअर्सपुढे प्रामुख्याने तीन प्रकारची नावं होती. एक, बॉइसी स्टेटचा रनिंग बॅक ॲश्टन जेंटी: 2024 मध्ये 2,601 यार्ड, बॅरी सँडर्सच्या 1988 च्या 2,628 पासून फक्त 27 कमी. दोन, टॅकल: टेक्ससचा केल्विन बँक्स किंवा मिझुरीचा आर्मंड मेंबू. तीन, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा). आणि इथेच गंमत होती, कारण टाइट एंड दोन होते.

पेन स्टेटच्या टायलर वॉरनचे आकडे भरगच्च: 104 झेल, 1,233 यार्ड. मिशिगनच्या कोल्स्टन लव्हलँडचे त्याच्या निम्मे: 56 झेल, 582 यार्ड. दोघंही साडेसहा फुटांच्या आसपास. आकड्यांवर गेलात तर विषय संपला, वॉरन. पण लव्हलँड जवळपास दोन वर्षांनी लहान, त्या वर्षी मिशिगनला धड क्वार्टरबॅक नव्हता, आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो कंबाइनमध्ये पळालाही नाही. त्याचा कागद रिकामा दिसत होता, माणूस नव्हे. वॉरन बॉल घेऊन धडक मारत जाणारा, लव्हलँड मोकळी जागा शोधून रिसीव्हरसारखा सुटणारा. नवे कोच बेन जॉन्सन डेट्रॉइटहून आलेले, तिथे त्यांनी टाइट एंड सॅम लापोर्टाला कसं वापरलं होतं हे ज्याने बघितलं होतं त्याला अंदाज बांधता आला असता. मी बघितलं होतं आणि तरी बांधला नाही.

माझ्या कागदावर दहाव्या नंबरला बँक्स होता. पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. पुण्यात गजर लावून उठलो. जेंटी सहाव्या नंबरवर रेडर्सकडे गेला. मेंबू सातवा, जेट्सकडे. नववा नंबर सेंट्सचा, आणि त्यांनी नाव पुकारलं केल्विन बँक्स. एका नंबरने हुकला. पुढच्या काही मिनिटांत लव्हलँडचं नाव आलं आणि चहा हातातच राहिला. आपल्याकडे कोल कमेट असताना अजून एक टाइट एंड? आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! असं मी ग्रुपवर टाकलंसुद्धा. वॉरन चौदाव्या नंबरवर कोल्ट्सकडे गेला.

तो मेसेज नोव्हेंबरमध्ये मला परत वाचून दाखवण्यात आला. सिनसिनाटीविरुद्धचा सामना, आपल्याकडे मध्यरात्र केव्हाच उलटून गेलेली. शेवटच्या दोन मिनिटांत बेंगल्सनी दोन टचडाउन करून 42-41 अशी आघाडी घेतली आणि मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. विल्यम्सने मधोमध बॉल टाकला, लव्हलँडने तो घेतला आणि दोन बचावपटूंच्या मधून निसटून थेट एंड झोन. 58 यार्ड, घड्याळात 17 सेकंद. 47-42.

तरी या पद्धतीवरही आक्षेप आहे आणि तो बिनतोड आहे. नवख्याचा पगार जागेवर ठरलेला असल्यामुळे बाजारात जी जात महाग, ती ड्राफ्टमधून स्वस्तात मिळवावी: क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर (क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा), रिसीव्हर. टाइट एंड आणि रनिंग बॅक बाजारात त्या मानाने स्वस्त मिळतात. या हिशेबाने जेंटी आणि लव्हलँड दोघंही दहाव्या नंबरला महागच. रनिंग बॅकबाबत हा हिशेब बेअर्सनी पाळला. सातव्या फेरीत 233 व्या नंबरवर रटगर्सचा काइल मोनंगाय घेतला, आणि सिनसिनाटीच्या त्याच सामन्यात तो 176 यार्ड पळाला.

खाली सरकणं

ही माझी लाडकी पद्धत, म्हणून जरा जपून सांगतो. आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा, त्याचा खालचा नंबर आणि वर आणखी काही घ्यायचं. भाव ठरवायला कोच जिमी जॉन्सनच्या नावाने ओळखला जाणारा जुना गुणांचा तक्ता अजून वापरतात: पहिल्या नंबरला 3000, दुसऱ्याला 2600, तिसऱ्याला 2200, दहाव्याला 1300.

तक्ता घेऊन 2017 चा सौदा तपासा. बेअर्स तिसऱ्यावर होते, एकच पायरी वर चढले. 49अर्सना दिलं काय? तिसरा नंबर (2200), 67 वा (255), 111 वा (72), शिवाय पुढच्या वर्षीची तिसरी फेरी. बेरीज 2527 आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या खात्यावर. सौदा तक्त्याप्रमाणे चोख! आणला कोण, तर क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की, ज्याने कॉलेजमध्ये फक्त 13 सामने सुरुवातीपासून खेळले होते. त्याच जागेचे दुसरे दोघे: पॅट्रिक महोम्स दहाव्या नंबरवर गेला, डीशॉन वॉटसन बाराव्या. पुढचं सगळ्या चाहत्यांना पाठ आहे: महोम्स गाजला, ट्रुबिस्की फसला. तक्ता नंबरचा भाव सांगतो, त्या नंबरवर येणाऱ्या माणसाचा नाही.

2023 मध्ये उलटी दिशा. पहिला नंबर हातात असताना बेअर्सचे जनरल मॅनेजर रायन पोल्सनी तो कॅरोलायनाला दिला. बदल्यात नववा, 61 वा, 2024 ची पहिली फेरी, 2025 ची दुसरी फेरी आणि डीजे मूर. कॅरोलायनाने ब्राइस यंग घेतला आणि त्या हंगामात 2-15 असा आपटला. त्यामुळे त्यांच्याकडून मिळालेली 2024 ची निवड पुन्हा पहिल्याच नंबरची निघाली, आणि त्यावर केलेब विल्यम्स आला. 2025 ची दुसरी फेरी 39 वी ठरली, त्यावर लूथर बर्डन. आणि 2023 मध्येच नवव्यावरून दहाव्यावर अजून एक पायरी उतरून डार्नेल राइट. एका नंबरचा एवढा संसार झाला. पण त्या एका पायरीवर ईगल्सनी जेलन कार्टर उचलला आणि पुढे सुपर बोलही (लीगचा अंतिम सामना) जिंकला, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.

मॉकमध्ये मात्र ही पद्धत सगळ्यात जास्त बदनाम आहे, आणि तेही रास्तच. ऑनलाइन सिम्युलेटरवर कॉम्प्युटर तुमचं काहीही ऐकतो. दहावा नंबर देऊन दोन पहिल्या फेऱ्या घेतल्याचे स्क्रीनशॉट मी पाहिलेत. शेजारच्या काकूंनीसुद्धा असा सौदा केला नसता. माझा नियम साधा आहे. खाली सरकायचं तर समोरचा संघ कोणत्या खेळाडूसाठी वर येतोय, त्याचं नाव लिहायचं. नाव सुचत नसेल तर ट्रेड खोडायचा. 2025 मध्ये दहाव्या नंबरसाठी कोणी धावत आलं असतं का? वर चढायला लोक बहुतेक क्वार्टरबॅकसाठी येतात. त्या वर्षी कॅम वॉर्ड पहिल्याच नंबरवर गेला होता, जॅक्सन डार्ट पार 25 व्यावर गेला आणि शेड्युअर सँडर्स घसरत पाचव्या फेरीत 144 व्या नंबरवर. गिऱ्हाईकच नव्हतं. दुसऱ्या फेरीत गिऱ्हाईक भेटलं. बफलोला 41 वा, 72 वा आणि शेवटच्या फेरीतला एक नंबर देऊन बेअर्सनी 56, 62 आणि 109 घेतले; 56 व्यावर बॉस्टन कॉलेजचा टॅकल ओझी ट्रापिलो. भाच्याचा लाइनमन आला, पण दुसऱ्या दिवशी.

मग तुम्ही कोणती धरावी?

ग्रुपमध्ये पैज लावून भाकीत करत असाल, तर खड्डा बुजवा, पण मार्चची खरेदी वजा करून. जेवढ्या जागा पैशाने भरल्या तेवढ्या पहिल्या फेरीतून उडवा, आणि कोच आधी कुठे होता, तिथे कोणत्या जागेवर खेळ उभा केला ते बघा. माझी दहावी निवड एवढ्यानेच वाचली असती.

इच्छेचा मॉक असेल आणि क्वार्टरबॅक आपल्याकडे असेल, तर उत्तम खेळाडू उचला. दोन नावं सारखी वाटली, तर महाग जातीचं घ्या आणि त्यातही वयाने लहान. क्वार्टरबॅक नसेल तर हे सगळं विसरा, तो घ्या. 2017 नंतर दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून प्यायला हरकत नाही. पण पिणंच सोडलं तर उपाशी राहाल.

खाली सरकणं टॉप-फाइव्ह नंबर असेल आणि मागे क्वार्टरबॅकसाठी तहानलेले दोन संघ उभे असतील, तेव्हाच लिहा. एरवी ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा, तिथे असे सौदे खरंच होतात.

चौथ्या फेरीपासून पुढे मात्र पद्धतीच्या भानगडीत पडू नका. तो दिवस आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो, जेवण उरकून निवांत बघण्यासारखा. 1983 मध्ये बेअर्सना रिचर्ड डेंट आठव्या फेरीत मिळाला होता आणि तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2024 मध्ये त्यांनी चौथ्या फेरीत चक्क पंटर (बॉल लाथेने लांब मारणारा) घेतला, आयोवाचा टोरी टेलर. तो कोणाच्या मॉकमध्ये होता असं कोणी सांगितलं, तर तारखेसकट स्क्रीनशॉट मागा.