आठची सोळा करावी, की यंत्रच बदलावं?

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. घरचा कॉम्प्युटर रखडतोय, रॅम (चालू काम तात्पुरतं ठेवणारी मेमरी) आठची सोळा जीबी करू की नवीनच घेऊ? दोन वर्षांपूर्वी माझ्यापुढेही हाच तिढा होता. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

यंत्रात एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आहे असं धरून चालतो. विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर पहिले पैसे एसएसडीवर घाला, रॅमचा विचार नंतर. माझं यंत्र म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा आय३-८१०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच स्टिक (पट्टी), शेजारचा स्लॉट रिकामा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घराघरांतून असे कॉम्प्युटर बरेच आहेत.

आठ जीबीवर भागतच नाही, असं मी म्हणणार नाही. बँकेचे व्यवहार, पत्रं, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर खुशाल चालवा. जागा कमी पडली की विंडोज मेमरीतला मजकूर दाबून बसवतं, तरीही पुरली नाही तर काही भाग एसएसडीवर त्यासाठी राखलेल्या फाइलमध्ये, म्हणजे पेजफाइलमध्ये, हलवतं. एसएसडी वेगवान असल्यामुळे ही हलवाहलव फारशी कळत नाही. मीही त्याच भरवशावर बरीच वर्षं काढली.

मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होतो. माहिती भरून झाली, शेवटचं पान कागदपत्रं जोडायचं. उत्पन्नाचा दाखला स्कॅन केला, फाइल मोठी झाली, म्हणून फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लहान करायला गेलो. परत ब्राउझरमध्ये येतो तर पान पांढरं. क्षणभर चक्र फिरलं आणि थेट लॉगिनचं पान उघडलं. पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. मग रहिवासी दाखला, पुन्हा तेच. एका संध्याकाळी चार वेळा! आधी इंटरनेटवर संशय घेतला, मग संकेतस्थळावर. शेवटी मुलीच्या सोळा जीबीच्या लॅपटॉपवर बसलो आणि तोच अर्ज एका दमात गेला.

मेमरी कमी पडू लागली की ब्राउझर मागे पडलेले टॅब स्वतःहून मोकळे करतो. टॅबचं नाव वर दिसत राहतं, पण आतलं पान गेलेलं असतं, आपण परतलो की ते नव्याने मागवलं जातं. इथे एसएसडी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कारण ते पान डिस्कवर हलवलेलं नसतंच, टाकून दिलेलं असतं. हे कळलं तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झालाच.

त्यात वडिलांच्या जुन्या अल्बमचं काम हाती होतं. ए४ आकाराचं पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की ते मेमरीत उघडल्यावर साधारण शंभर एमबी जागा घेतं. त्यावर दोन-तीन लेयर, मागे जाण्यासाठी जपलेले बदल, अशी पाच-सहा पानं एकदम उघडली की आठ जीबीतलं उरतं काय?

तुमचं काय होतंय हे पाहायला विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला मेमरीचा भाग उघडा. नुसतं ‘८५ टक्के वापरात’ बघून घाबरू नका. मला उपयोगी पडला तो ‘कमिटेड’चा, म्हणजे चालू प्रोग्रॅमनी मिळून मागितलेल्या मेमरीचा, आकडा. नेहमीचं सगळं काम उघडं असताना त्यातला पहिला आकडा रोजच आठच्या बराच वर जात असेल, तर तुमचं काम आठ जीबीत मावत नाही असं समजायला हरकत नसावी. माझा अकराच्या पुढे जाई.

मग आठची दुसरी स्टिक घेतली. त्या वेळी सतराशेच्या आसपास पडली. बसवल्यावर स्क्रीन आलीच नाही. दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसल्या, कट्ट आवाज येईपर्यंत नीट दाबल्या आणि सुरू झालं. तेव्हापासून अर्ज भरताना पान गेलेलं मला आठवत नाही. दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं, चालू झालं, आणि ऑनबोर्ड ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्याने मोठे व्हिडिओ मला सुरळीत वाटतात. मोजून पाहिलेलं नाही. कॉम्प्युटर सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, त्या आशेने रॅम घेऊ नका.

नवीन यंत्राच्या बाजूने बोलायचं तर प्रोसेसर ताजा, वॉरंटी नवी. आणि माझ्यासारखी डीडीआर४ या प्रकारची स्टिक उद्या पुढच्या डीडीआर५ प्रकारच्या बोर्डावर बसणार नाही, म्हणजे आज घातलेले पैसे या यंत्राबरोबरच संपणार. शिवाय विंडोज १०चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला. इंटेलची आठवी पिढी विंडोज ११ला चालते, पण तुमचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर मीही कदाचित नव्याकडेच वळलो असतो. पुष्कळ बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे प्रश्नच मिटला.

किमतीचं मात्र आज वेगळं आहे. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून मेमरी बरीच महागली, माझा दर आता मिळायचा नाही. पण नव्या यंत्रातही रॅम असतेच, त्यामुळे महागाई दोन्हीकडे आहे. वापरलेली स्टिक स्वस्त पडते, फक्त घेतल्यावर मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून बघा आणि बदलून देण्याची मुदत आधी ठरवून घ्या. जास्त वेगाची स्टिक घेऊन फायदा नाही, माझ्या प्रोसेसरवर ती २४००च्या वेगानेच चालते.

मेहुण्याचा ‘कमिटेड’चा आकडा साडेदहा आला, प्रोसेसर नवव्या पिढीचा. रविवारी दोघे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जाणार आहोत. जुनी स्टिक काढून सोबत आणायला सांगितलंय, म्हणजे काउंटरवर शेजारी ठेवून खाच जुळतेय का ते बघता येईल.