किलोची पावती की नगांची यादी? जुने संगणक भंगारात, एक्स्चेंजमध्ये की रिसायकलरकडे

कोल्हापुरात पतसंस्थेची शाखा असो, राजारामपुरीतला दवाखाना असो की शिरोलीतल्या फौंड्रीचे ऑफिस, माळ्यावर साठलेल्या जुन्या संगणकांचे काय करायचे हा प्रश्न मार्च जवळ आला की निघतोच. वाटा तीन. भंगारवाला, नवा माल घेताना एक्स्चेंज, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला रिसायकलर. तिन्ही वाटांनी माल देऊन झाला आहे, म्हणून दरावर थोडे आणि माल गेल्यानंतर हातात काय उरते यावर जास्त लिहितो.

आधी नियमांतले कामापुरते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. आधीच्या २०१६ च्या नियमांत यादी २१ प्रकारच्या वस्तूंची होती, ती आता १०६ वर गेली आहे. संगणक, प्रिंटर, फोन, ट्यूबलाइट तर आधीपासून आहेतच. सोलर पॅनेल, वैद्यकीय उपकरणे आणि प्रयोगशाळेतली यंत्रेही आली. नोंदणी आता चौघांनाच लागते: माल बनवणारा, ब्रँडच्या नावाने बाजारात आणणारा, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा रिफर्बिशर आणि रिसायकलर. कलेक्शन सेंटर आणि डिस्मँटलर (यंत्र खोलून भाग वेगळे करणारा) यांना पूर्वी जो वेगळा परवाना मिळायचा, तो प्रकार संपला. ‘आम्ही ऑथोराइज्ड कलेक्शन सेंटर आहोत’ म्हणून कुणी जुना कागद पुढे केला किंवा २०१६ च्या नियमांतला फॉर्म ६ (ई-कचरा नेतानाचा कागद) भरून मागितला, तर तिथेच थांबून आजची नोंदणी दाखवायला सांगा.

तुमच्यावर थेट बंधन कधी येते? यादीतल्या उपकरणांचे १ हजार किंवा त्याहून जास्त नग आर्थिक वर्षात कधीही तुमच्या वापरात असतील, तर तुम्ही बल्क कन्झ्युमर. मग ई-कचरा नोंदणीकृत ब्रँडवाला, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांनाच द्यावा लागतो. हजार हा आकडा मोठा वाटतो, पण मोजायला बसल्यावर मोठे हॉस्पिटल किंवा वसतिगृह असलेले कॉलेज ट्यूब, एसी, संगणक, प्रिंटर आणि लॅबमधली यंत्रे धरून तिथे लवकर पोहोचते. हजाराच्या आत असाल तर या नियमांत तुमच्यावर असे थेट कलम नाही. सूक्ष्म उद्योगांना तर हे नियम लागूच नाहीत, आणि १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल इतकी वाढली आहे. गोकुळ शिरगावातली बरीच वर्कशॉप त्यात बसतील. तरीही पुढचे वाचा. खरी अडचण पुष्कळदा प्रदूषण मंडळाच्या आधी ऑडिटमध्ये उभी राहते.

भंगारवाल्याची बाजू आधी मांडायला हवी, कारण त्याचे फायदे खरे आहेत. फोन केला की दुपारपर्यंत येतो, जिना उतरवून माल स्वतः नेतो, रोख देतो आणि दर बहुधा सर्वांत वरचा असतो. लोखंडी कपाट, तुटक्या खुर्च्या, पंख्याच्या वायंडिंगचे तांबे यांसाठी त्याच्याइतका सोयीचा माणूस नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. तो ज्याचा बाजार आहे तेच उचलतो.

गडबड होते ती ज्याला बाजार नाही त्याची. जुना डब्याचा मॉनिटर घ्या. मागच्या निमुळत्या मानेवर तांब्याची गुंडाळी बसवलेली असते. ती सोडवायला वेळ लागतो, म्हणून मानेवर हातोडी बसते. गुंडाळी पोत्यात जाते आणि काच ओढ्याकाठी. त्या काचेत शिसे किलोच्या मापात असते. वायरींचेही तसेच. सोलत बसण्यापेक्षा पेटवणे स्वस्त पडते, आणि पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. मदरबोर्ड बाजूला काढून पुढे विकले जातात. दिल्लीतल्या सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादच्या वस्त्यांत असे बोर्ड जाळून, अॅसिडमध्ये बुडवून धातू काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. उरलेले पाणी आणि राख तिथल्या गटारात आणि नदीत. पंचगंगेच्या पाण्यासाठी इतकी वर्षे भांडणाऱ्या गावाने आपला कचरा दुसऱ्याच्या नदीकाठी धाडावा, हे मला पटत नाही.

एक्स्चेंजचे गणित वेगळे. चालू स्थितीतला, चार-पाच वर्षांचा संगणक असेल तर ही वाट चांगलीच म्हणावी लागेल. दुकानदार रॅम वाढवून, एसएसडी टाकून तो क्लासला किंवा छोट्या दुकानाला विकतो, आणि वापरात राहिलेले यंत्र वितळवलेल्या यंत्रापेक्षा केव्हाही बरे. यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांना तर एक्स्चेंजच योग्य. त्यांना ई-कचऱ्याचे नियम लागत नाहीत, बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे वेगळे नियम लागतात, आणि बॅटरीचा विक्रेता शिशाचा भाव धरून नीट पैसे वळते करतो. रिसायकलरच्या गाडीत बॅटऱ्या घालू नका. यूपीएस उघडून १२ व्होल्टची बॅटरी आधी काढा, टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि उभ्या ठेवा. लॅपटॉपची लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर उचकटू नका, दाबू नका. कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवून तिची वेगळी नोंद करा.

मेलेल्या मालाला मात्र एक्स्चेंज फसवे ठरते. नव्या बिलावर ‘एक्स्चेंज डिस्काउंट’ अशी एक ओळ येते आणि कोणता जुना नग गेला ते कुठेच लिहिलेले नसते. जीएसटी नोंदणी असेल तर जुना माल देणे ही तुमच्याकडून झालेली विक्री, तिचे तुमचे बिल वेगळे व्हायला हवे. ई-कचरा म्हणून जाणाऱ्या मालावर जुलै २०२२ पासून दर १८ टक्के आहे. हे वेगळे बिल बहुतेक ठिकाणी राहून जाते. आणि न चालणारा माल दुकानाच्या मागच्या दाराने शेवटी भंगारातच जातो, असे निदान माझ्या तरी पाहण्यात आहे. सगळेच दुकानदार तसे करतात असे म्हणणार नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरवला ती. संस्थेचे डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) नगावर चालते आणि भंगार किलोवर. रजिस्टरमध्ये १४ सीपीयू, १४ मॉनिटर, १० यूपीएस अशा नोंदी, प्रत्येकाला क्रमांक. पावती येते ‘भंगार २१२ किलो’. निर्लेखनाचा (वस्तू रजिस्टरमधून कमी करण्याचा) ठराव झाला, पैसे बँकेत भरले, सगळे प्रामाणिक झाले. तरी लेखापरीक्षकाने विचारले की या २१२ किलोत चौदावा मॉनिटर होता कशावरून, तर उत्तर नसते. सीपीयू साधारण ८ किलो, एलसीडी मॉनिटर साडेतीन, छोटा यूपीएस ५. गणित मांडून २१० च्या आसपास येते खरे, पण १२ सीपीयू आणि चार प्रिंटर गेले असते तरी वजन तेवढ्याच घरात आले असते. उसाच्या काटामारीवर आंदोलने झालेल्या जिल्ह्यात वजनाचा कागद कितपत टिकतो हे सांगायला नको. ऑडिट शंका मग वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते, आणि ज्याने सही केली तो निवृत्त झाला तरी ती सुटत नाही. भंगारवाल्याकडून यादीवर सही मिळते, पण तिच्यामागे नोंदणी नसते. दुकानदाराकडे यादीच नसते. रिसायकलरकडे दोन्ही मिळू शकते. मिळतेच असे नाही, मागावे लागते.

इथेच लोक चुकतात. रिसायकलिंगचे प्रमाणपत्र छान छापील येते, त्यावर बोधचिन्ह असते, आणि मजकूर असतो ‘मिश्र ई-कचरा, २१२ किलो’. म्हणजे पुन्हा तेच. रिसायकलरचे सगळे काम वजनावर चालते. पोर्टलवर त्याची क्षमता टनात असते, आणि ब्रँडवाल्यांना आपल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी पार पाडल्याचे दाखवायला तो जी ईपीआर प्रमाणपत्रे विकतो तीही मिळालेल्या धातूच्या वजनावर निघतात. तुमचे नग मोजण्याची त्याला गरज नाही. म्हणून यादी तुम्ही करायची. रजिस्टरचा क्रमांक, वस्तू, कंपनी, सिरीयल नंबर आणि शेरा असे पाच रकाने पुरतात. सिरीयल नंबरचे स्टिकर उडाले असेल तर खडूने आपला क्रमांक टाकून फोटो काढा. या यादीला जावक क्रमांक द्या, तीन प्रती काढा, माल चढताना प्रत्येक पानावर त्यांच्या माणसाची सही-शिक्का घ्या. आणि प्रमाणपत्रात ‘जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक च्या यादीप्रमाणे’ हे शब्द यायला हवेत, ही अट दरपत्रक मागवतानाच लिहा. माल गेल्यावर मागितले तर महिना महिना फोन करत बसावे लागते.

दरपत्रकाच्या अटींतच आणखी एक वाक्य लागते: पोर्टलवर चालू नोंदणी असलेल्या रिसायकलरचेच दर स्वीकारले जातील. हे न लिहिता तीन दरपत्रके मागवली तर सर्वांत वरचा दर भंगाराचाच येणार, आणि कमी दर का स्वीकारला याचा खुलासा पुन्हा तुम्हालाच द्यावा लागणार.

नोंदणी तपासताना प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर भागवू नका. पोर्टलवरच्या यादीत नाव, पत्ता, वैधता आणि मालाचा वर्ग पाहा. संगणक-दूरसंचार, घरगुती उपकरणे, वैद्यकीय उपकरणे हे वेगवेगळे वर्ग आहेत. दवाखान्याचा जुना पेशंट मॉनिटर किंवा ईसीजी मशीन द्यायचे असेल तर तो वर्ग नोंदणीत हवा. मध्ये कुणी गोळा करणारा असेल आणि ‘आमचे टायअप आहे’ म्हणत असेल, तर त्यात गैर काही नाही, पण बिल, चलन आणि प्रमाणपत्र तिन्हींवर त्या नोंदणीकृत कंपनीचेच नाव हवे. शंका असेल तर उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारता येते.

या वाटेचा जाच म्हणजे गाडी. बरेचसे रिसायकलर पुण्या-मुंबईकडचे. अर्ध्या टनाच्या आत माल असेल तर यायला कुरकुर करतात, नाहीतर भाडे दरातून कापतात. एकट्या शाखेचा दोन-अडीचशे किलो माल असेल तर महिना-दोन महिने थांबावे लागते. यावर चालणारा उपाय म्हणजे एकाच रस्त्यावरच्या तीन-चार संस्थांनी तारीख ठरवून माल एकत्र भरायचा. वजन, चलन आणि प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाचे वेगळे. वजन ट्रकच्या वे-ब्रिजवर करू नका. तिथे काटा ५ किंवा १० किलोच्या पायरीने सरकतो, दोनशे किलोला तो फरक फार होतो. धान्याच्या दुकानात असतो तसा प्लॅटफॉर्म काटा भाड्याने आणा. राज्यातल्या राज्यात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तेवढी धावपळ वाचते.

हार्डडिस्क कुणालाही तशीच देऊ नका. नुसता क्विक फॉरमॅट मारल्याने डेटा जात नाही. डिस्क चालू असेल तर संपूर्ण ओव्हरराइट करा, बंद असेल तर खोलून तबकडीतून आरपार दोन-तीन भोके पाडा. एसएसडीत तबकडी नसते, भोक चिपमधूनच जायला हवे. डीव्हीआर (सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही डिस्क असते, बोटांच्या हजेरीच्या मशीनमध्ये ठसे असतात. या तिघांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. डिस्क काढलेल्या सीपीयूला दर कमी मिळतो, म्हणून ‘हार्डडिस्क काढली’ हे यादीच्या शेऱ्यात आधीच लिहा, म्हणजे दारात घासाघीस होत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्कात भिजलेला माल अजून काही ठिकाणी पडून असेल. विम्याचा दावा मिटल्याचे पत्र फाइलला असल्याशिवाय तो हलवू नका. चालतो का बघायला प्लग लावू नका. गाळ वाळवून, झटकून मग वजन करा. गाळासकट तोललेला माल तिकडे पोहोचला की वजनावरून वाद निघतो आणि प्रमाणपत्र अडकते.

दोन-चार नगच असतील, घरचेच असतील, तर इतका खटाटोप कुणी करणार नाही आणि करूही नये. चालते ते एक्स्चेंजला, बॅटरी बॅटरीवाल्याला, बाकीचे शेजारच्या एखाद्या संस्थेच्या गाडीत जोडून द्या. पण दहा नगांच्या वर आणि रजिस्टरला नोंद असलेला माल असेल, तर किलोमागे काही रुपये सोडून मी तरी रिसायकलरकडेच जाईन, आणि गेलोही.

गाडी भरताना यादीत १४ मॉनिटर आणि प्रत्यक्षात १३ निघाले, तर ‘नंतर पाठवतो’ म्हणून यादी तशीच सोडू नका. ती ओळ तिथल्या तिथे तांबड्या शाईने खोडा, दोघांच्या सह्या घ्या, आणि तो नग सापडेपर्यंत रजिस्टरला शिल्लक दाखवा.