किलोमीटरला ९ रुपये: परवडतात का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीचा गाडीभत्ता दोन वर्षं घेतोय. स्वतःची वॅगन-आर, किलोमीटरला ९ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पेट्रोल १०४ च्या आसपास, एसी लावून गाडी लिटरला देते १५ किलोमीटर. म्हणजे ७ रुपये टाकीतच गेले. उरलेल्या दोनात टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स बसवा बघू! सिन्नर, दिंडोरी ठीक, पण पावसाळ्यात घोटीकडचे खड्डे... जुलैत सस्पेन्शनचं काम निघालं, साडेसहा हजार. अकाउंट्सवाले म्हणाले, "साहेब, ते भत्त्यातच धरलंय." टोलच्या पावत्या मात्र लगेच पास होतात, तेवढं मान्य. जुनी गाडी दारात नुसती उभी असेल तर हा भत्ता घ्या. माझी चारच वर्षांची, महिन्याला १८०० किलोमीटर पळते. गेल्या सोमवारी कंपनीची गाडी मागितलीय.