रात्रभर उघड्या डायनरमधलं पुटीन: काही महिन्यांच्या खाण्यानंतर

कॅनडातल्या माँट्रियलमधलं हे जुन्या पद्धतीचं डायनर चोवीस तास उघडं असतं. काउंटरसमोर फिरती स्टुलं, रेक्झिनची बाकं, आणि मेन्यूत पुटीनचे, म्हणजे फ्राइजवर चीज कर्ड आणि गरम ग्रेव्ही घातलेल्या पदार्थाचे, ढीगभर प्रकार. काही महिने वेगवेगळ्या वेळी खाल्ल्यावर मत पक्कं झालं आहे: इथलं पुटीन कसं असेल ते घड्याळ ठरवतं.

साधंच पुटीन मागवा. बेकन, सॉसेज वगैरे घातलं की मूळ तीन गोष्टींतले दोष लपतात.

सगळ्यात आधी चीज कर्ड बघावं, म्हणजे चेडर साच्यात दाबण्याआधीचे ताजे तुकडे. ताजं कर्ड चावताना दातांवर किरकिर वाजतं, कारण त्यातलं केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, कॅल्शियमने घट्ट बांधलेलं असतं. वेळ जातो तसं आम्ल वाढतं, कॅल्शियम सुटतं आणि आवाज जातो. क्वेबेकमध्ये, म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, ताजं कर्ड 24 तास फ्रिजबाहेर ठेवून विकायला परवानगी आहे, ती यासाठीच. या डायनरमध्ये माल सकाळी येतो. संध्याकाळी सहा-सातला तो बाहेर असतो आणि उत्तम वाजतो. मध्यरात्रीनंतर मात्र फ्रिजमधला डबा निघतो. ते गार, कडक तुकडे ग्रेव्हीलाही थंड करतात. कर्डच्या कडा मऊ व्हाव्यात, पण तुकडा अख्खा राहावा. तारा सुटल्या तर बहुधा किसलेलं मोझरेला घातलेलं असतं. अशी प्लेट सरळ परत करावी.

फ्राइज दोनदा तळावे लागतात: आधी 160 अंशांच्या आसपास पाच-सहा मिनिटं, मग थोडं निववून 190 अंशांना दोन-तीन मिनिटं. बार पहाटे तीनला बंद होतात आणि गर्दी आत घुसते. तेव्हा एकेका जाळीत दुप्पट बटाटा पडतो, तेलाचं तापमान कोसळतं, निववायला वेळ उरत नाही. फ्राइज फिकट, तेलकट येतात आणि ग्रेव्हीखाली दोन मिनिटांत लगदा होतो. उलट बाहेरून काळपट आणि आत कच्चे निघाले, तर बटाटा फार थंडीत साठवलेला असावा; थंडीत स्टार्चची साखर होते आणि ती लवकर करपते.

ग्रेव्ही इथली खरोखर चांगली आहे. कोंबडी आणि बीफ दोन्हींचा स्टॉक, भरपूर मिरी, शेवटी किंचित व्हिनेगर. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतकीच दाट हवी. पण बेन-मारीत (गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात) रात्रभर राहिल्यावर पहाटे पाचपर्यंत ती आटून खारट होते आणि वर साय धरते. सांगितलं तर गरम पाणी घालून ढवळून देतात, नक्की सांगा.

प्रमाणाबद्दल तक्रार नाही: अंदाजे 300 ग्रॅम फ्राइजना 120 ग्रॅम कर्ड आणि दीडशे मिली ग्रेव्ही. फक्त सगळं कर्ड वर टाकतात. अर्धं मधल्या थरात घालायला सांगितलं की तळापर्यंत चव पोचते.

शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी विचाराव्यात: ग्रेव्ही कशाची, तेच तेल चिकनसाठी वापरतात का, आणि कर्डसाठी दूध गोठवायला वापरलेलं रेनेट प्राणिज आहे का. मशरूमची ग्रेव्ही मिळते, पण ती फार गोड आहे.

पार्सल नेणार असाल तर ग्रेव्ही वेगळ्या डब्यात घ्या आणि फ्राइजच्या डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा. एरवी वाफेनेच ते मऊ पडतात.